इंग्रजी सर्वनामं नीट वापरायची कशी: मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी

“कालचा सिनेमा पाहिलास का?” “हो, पाहिला. आवडला.” या उत्तरात सर्वनाम एकही नाही. कोणी पाहिला, काय आवडलं, हे सगळं क्रियापदाने आणि संदर्भाने सांभाळून घेतलं. हेच उत्तर इंग्रजीत द्यायचं तर ‘येस, आय सॉ इट. आय लाइक्ड इट.’ असं म्हणावं लागतं. दोन छोट्या वाक्यांत चार सर्वनामं. आपल्याकडची पुष्कळ माणसं ‘येस, आय सॉ. आय लाइक्ड’ एवढ्यावरच थांबतात आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

मराठी माणसाच्या सर्वनामांच्या चुका पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ‘आय, वी, यू, ही, शी, इट, दे’ ही यादी शाळेत सगळ्यांकडून घोकून घेतली जाते. 2000 सालापासून तर मराठी माध्यमातही इंग्रजी पहिलीपासून आहे. तरीही चुका होतात, कारण मराठी वाक्यात सर्वनाम गाळलं तरी चालतं आणि इंग्रजीत त्याची जागा भरावीच लागते. म्हणून इंग्रजी तक्त्याकडे जाण्याआधी आपल्याच मराठी वाक्याला तीन प्रश्न विचारायचे: कोण? कोणाला किंवा काय? कोणाचं? पुढचे सगळे टप्पे या तीन प्रश्नांतूनच निघतात.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या लेखात इंग्रजी शब्द एकेरी अवतरणचिन्हांत आहेत आणि मराठी शब्द दुहेरी. हे काटेकोरपणे पाळलंय, कारण इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला “मला”, आणि इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे आपला “तो”. उच्चार आपल्या शब्दासारखा आणि अर्थ वेगळा, यामुळे लहान मुलं हमखास गोंधळतात. मुलांना शिकवत असाल तर हे दोन शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

पहिला टप्पा: लपलेला कर्ता बाहेर काढा

“उद्या येतो.” कोण येतो? मी. म्हणून ‘आय विल कम टुमारो’. “झोपलीस का?” कोण? तू. म्हणून ‘आर यू अस्लीप?’ इथवर सोपं आहे.

खरी अडचण “मला” ने सुरू होणाऱ्या वाक्यांची. मराठीत भूक, ताप, राग, आठवण या गोष्टी माणसाकडे येतात, माणूस त्या करत नाही. “मला भूक लागली”, “मला राग आला”, “तिला आठवलं”, “त्यांना उशीर झाला”. इंग्रजीत मात्र ज्याला ती जाणीव होते तोच कर्ता ठरतो: ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय गॉट अँग्री’, ‘शी रिमेम्बर्ड’, ‘दे आर लेट’. “मला दोन भाऊ आहेत” चं ‘आय हॅव टू ब्रदर्स’ होतं आणि “तिला पोहता येतं” चं ‘शी कॅन स्विम’. म्हणजे “मला”, “तिला”, “आम्हाला” दिसलं की लगेच ‘टु मी’, ‘टु हर’ कडे धावू नका. त्या माणसाला काही दिलं जातंय का, की त्याला काही वाटतंय, होतंय, येतंय, हे आधी बघा. वाटत किंवा होत असेल, तर तो माणूस वाक्याच्या सुरुवातीला जातो.

क्रियापदही मग त्याच्याच मागे जातं. “तिला आंबे आवडतात” मध्ये “आवडतात” हे आंब्यांशी जुळतं. इंग्रजीत ‘शी लाइक्स मँगोज’, म्हणजे ‘लाइक्स’ हे ‘शी’शी जुळलं.

काही वाक्यांत कर्ता शोधूनही सापडत नाही. “उशीर झाला.” “अंधार पडला.” “आज सोमवार आहे.” “इथून नाशिक लांब आहे.” इंग्रजीला तिथेही मोकळी जागा चालत नाही, म्हणून ती ‘इट’ने भरतात: ‘इट इज लेट’, ‘इट गॉट डार्क’, ‘इट इज मंडे टुडे’, ‘इट इज अ लाँग वे टु नाशिक’. या ‘इट’ला स्वतःचा अर्थ नाही. वेळ, हवामान, अंतर, तारीख यांच्यासाठी तो येतो. वाक्याचा खरा विषय लांबलचक असून शेवटी जात असेल तरी तो येतो: ‘इट इज डिफिकल्ट टु फाइंड अ हाउस हिअर’. एखादी गोष्ट कुठेतरी आहे किंवा नाही एवढंच सांगायचं असेल, तर मात्र ‘देअर’. “गाडीत जागा नाही” म्हणजे ‘देअर इज नो रूम इन द कार’.

दुसरा टप्पा: कर्माची जागा रिकामी सोडू नका

सुरुवातीचं ‘आय लाइक्ड’ हे इथलं उदाहरण. “फॉर्म भरलास?” “भरला.” ‘येस, आय हॅव फिल्ड इट इन.’ “किल्ली मिळाली?” ‘येस, आय फाउंड इट.’ “चपला कुठे ठेवल्यास?” ‘आय लेफ्ट देम आउटसाइड.’ भरणं, सापडणं, ठेवणं, आणणं, आवडणं, पाठवणं या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांनंतर ‘इट’ किंवा ‘देम’ हवंच. ‘आय एन्जॉइड अ लॉट’ हे आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याऐवजी कार्यक्रमाबद्दल बोलत असाल तर ‘आय एन्जॉइड इट’, आणि एकूण मजा आली म्हणायचं असेल तर ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’.

थोडी क्रियापदं याला अपवाद आहेत. “माहीत आहे” ला नुसतं ‘आय नो’, “समजलं” ला ‘आय अंडरस्टँड’, “विसरलो” ला ‘आय फरगॉट’ हे पूर्ण इंग्रजी आहे. तिथे ओढूनताणून ‘इट’ जोडू नका.

या सर्वनामाची वाक्यातली जागाही ठरलेली असते. “पंखा बंद कर” चं ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण पंख्याच्या जागी सर्वनाम आलं की एकच रूप उरतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ असं कोणी म्हणत नाही. तसंच ‘पिक हिम अप’, ‘थ्रो देम अवे’, ‘फिल इट इन’. मात्र ‘लुक अ‍ॅट’, ‘लुक फॉर’, ‘लुक आफ्टर’, ‘वेट फॉर’ यांचे दोन तुकडे होत नाहीत, म्हणून ‘लुक अ‍ॅट इट’, ‘वेट फॉर हर’. कोणतं क्रियापद फुटतं आणि कोणतं नाही, याचा पक्का नियम सांगता येण्यासारखा नाही. नवं जोडक्रियापद शिकताना ते ‘इट’ घालूनच वहीत लिहा, म्हणजे जागा आपोआप लक्षात राहते.

“ते मला दे” साठी ‘गिव्ह इट टु मी’. ‘गिव्ह मी द बुक’ चालतं, पण दोन्ही ठिकाणी सर्वनामं आली की वस्तू आधी आणि माणूस नंतर.

तिसरा टप्पा: नेमका शब्द निवडा

मराठी व्याकरणात मूळ सर्वनामं नऊ मानतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यांतली लिंगानुसार बदलणारी तीनच: तो, हा, जो. इंग्रजीत तर हा भेद फक्त तृतीयपुरुषी एकवचनात आहे. “ते”, “त्या”, “ती” या तिन्ही अनेकवचनांना मिळून एकटा ‘दे’ पुरतो. म्हणजे शब्द आपल्यापेक्षा कमी आहेत, पण निवडीची कसोटी वेगळी आहे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आदरार्थी बहुवचनात. “बाबा आले. त्यांनी चहा घेतला. ते आता झोपलेत.” हे इंग्रजीत करताना जिभेवर ‘दे’ येतो. इंग्रजाला प्रश्न पडतो की बाबांबरोबर आणखी कोण आलं? बाबा एक आहेत, म्हणून ‘ही’. बाई एक आहेत, म्हणून ‘शी’. वडिलांना, गुरुजींना, साहेबांना ‘ही’ म्हणताना एकेरीवर आल्यासारखं वाटतं, हे मला पूर्ण समजतं. आपल्या कानांवर संस्कारच तसे आहेत. पण इंग्रजीत राष्ट्राध्यक्षालाही ‘ही’ किंवा ‘शी’च म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. आदर मागे ठेवा, आधी माणसं मोजा. आदर दाखवायला ‘सर’, ‘मॅडम’, ‘कुड यू प्लीज’ ही साधनं आहेतच.

ओळख करून देताना ‘ही’ आणि ‘शी’ने सुरुवात करू नका. “हे माझे बाबा” म्हणजे ‘धिस इज माय फादर’, “हे आईबाबा” म्हणजे ‘दीज आर माय पेरेंट्स’. फोनवर स्वतःची ओळख देतानाही ‘धिस इज प्रिया’.

“तू”, “तुम्ही” आणि “आपण” या तिन्हींसाठी ‘यू’ एकच. याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत एकट्या माणसासाठी ‘दाऊ’ होता आणि ‘यू’ हे अनेकवचन होतं. ते पुढे एका माणसालाही आदराने वापरू लागले, आणि सतराव्या शतकाच्या ओघात ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून बाजूला पडला. म्हणजे आजचा ‘यू’ वंशाने आपला “तुम्ही”च आहे. समोर एक माणूस असला तरी ‘यू आर’, ‘यू वेअर’ असं अनेकवचनी क्रियापद लागतं ते यामुळेच.

“आपण” आणि “आम्ही” या दोहोंसाठी इंग्रजीत एकच ‘वी’ आहे. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, हे आपल्याला एका शब्दात सांगता येतं. गुजराती, तमिळ, तेलुगू बोलणाऱ्यांनाही येतं. इंग्रजीत मात्र ‘वी आर गोइंग टु महाबळेश्वर’ ऐकून समोरच्याने बॅग भरायची की शुभेच्छा द्यायच्या, हे त्याला कळत नाही. म्हणून “आपण जाऊया” ला ‘लेट्स गो’, “आम्ही जातोय, येतोस का?” ला ‘वी आर गोइंग. डू यू वाँट टु कम विथ अस?’ असं उघड करून सांगायचं.

वस्तूंचं तसं सोपं आहे. पंखा पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी, पण इंग्रजीत तिन्ही ‘इट’. “बस चुकली, ती आत्ताच गेली” मधली बसही ‘इट’. जहाजांना ‘शी’ म्हणायची जुनी रीत होती. लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजधंद्याच्या जुन्या वृत्तपत्राने 2002 साली तीही सोडून ‘इट’ स्वीकारला. पाळीव कुत्र्या-मांजराला घरचे लोक ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. बाळाबद्दल जास्त जपायला हवं. “ते बाळ” आपल्याकडे प्रेमाने म्हणतात, पण कुणाच्या बाळाला त्याच्या आईसमोर ‘इट’ म्हटलं तर तिला बरं वाटणार नाही. मुलगा की मुलगी ते विचारा आणि मग बोला.

माणूस कोण, हेच माहीत नसेल तर? मराठीत आपण नपुंसकलिंगाकडे वळतो: “दारात कोणीतरी आलंय.” इंग्रजीत अशा वेळी ‘दे’ वापरतात: ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’. माणूस एक असला तरी क्रियापद ‘दे आर’च राहतं. हा प्रकार आजकालचा आहे असा समज आहे. तो खरा नाही, चौदाव्या शतकापासून लेखी इंग्रजीत एकट्या माणसासाठी ‘दे’ सापडतो. मधल्या काळात शाळेच्या व्याकरणांनी त्याला चूक ठरवलं आणि ‘ही’ वापरायला शिकवलं. आता अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने आपल्या लेखनशैलीच्या 2019 च्या आवृत्तीत ‘दे’ला मान्यता दिली आहे, आणि त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘दे’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. ‘एव्हरीवन’ आणि ‘एव्हरीबडी’ यांच्याबाबतही हेच. अर्थ “सगळे”, पण क्रियापद एकवचनी आणि पुढचं सर्वनाम ‘देअर’: ‘एव्हरीवन हॅज पेड देअर फीज’.

आयटीत किंवा परदेशी लोकांबरोबर काम करणाऱ्यांना मेलच्या शेवटी नावाखाली ‘शी/हर’, ‘ही/हिम’ किंवा ‘दे/देम’ लिहिलेलं दिसतं. माझा उल्लेख या सर्वनामांनी करा, असा त्याचा अर्थ. जो माणूस स्वतःला स्त्री किंवा पुरुष या चौकटीत बघत नाही, तो बहुधा ‘दे’ सांगतो. कुणाचं नाव आपण त्याने सांगितलं तसं उच्चारतो, मग सर्वनामही त्याने सांगितलं तेच वापरावं.

चौथा टप्पा: जागेप्रमाणे रूप द्या

आता तक्ता. क्रम असा: कर्ता, कर्म, नामाआधीची मालकी, एकटी मालकी, “स्वतः”चं रूप.

आय – मी – माय – माइन – मायसेल्फ
वी – अस – अवर – अवर्स – अवरसेल्व्ह्ज
यू – यू – युवर – युवर्स – युवरसेल्फ, अनेकांसाठी युवरसेल्व्ह्ज
ही – हिम – हिज – हिज – हिमसेल्फ
शी – हर – हर – हर्स – हरसेल्फ
इट – इट – इट्स – हे रूप वापरात नाही – इटसेल्फ
दे – देम – देअर – देअर्स – देमसेल्व्ह्ज

क्रियापदाच्या आधी, क्रिया करणारा म्हणून पहिलं रूप. क्रियापदाच्या नंतर दुसरं. ‘टु, फॉर, विथ, फ्रॉम, बिट्वीन’ यांच्या नंतरही दुसरंच. म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. ‘बिट्वीन यू अँड आय’ हे ऐटदार वाटतं, पण चूक आहे.

दोन माणसं एकत्र आली की गोंधळ वाढतो. उपाय फार साधा आहे: दुसऱ्याला क्षणभर वाक्यातून काढून टाका. ‘मी अँड माय ब्रदर वेन्ट’ मधून भावाला काढा. ‘मी वेन्ट’ उरतं. ते चूक, म्हणजे ‘माय ब्रदर अँड आय वेन्ट’. ‘शी कॉल्ड माय ब्रदर अँड आय’ मधून भावाला काढा. ‘शी कॉल्ड आय’ उरतं. तेही चूक, म्हणजे इथे ‘माय ब्रदर अँड मी’. स्वतःला शेवटी ठेवणं ही सभ्यतेची रीत आहे. मराठीत “मी आणि माझा भाऊ” यात काही वावगं नाही, इंग्रजीत दुसऱ्याला पुढे ठेवतात.

“कोण आहे?” “मी आहे.” ‘इट्स मी.’ व्याकरणाची जुनी पुस्तकं ‘इट इज आय’ म्हणायला सांगतात, पण दार ठोठावून असं म्हणणारा माणूस आज भेटणार नाही. ‘टॉलर दॅन मी’ हेही बोलण्यात पूर्ण मान्य आहे. औपचारिक लिहायचं असेल तर ‘टॉलर दॅन आय अ‍ॅम’ असं पूर्ण करा आणि वाद मिटवा.

‘मायसेल्फ’बद्दल मात्र मी आग्रही आहे. ‘मायसेल्फ सुनील’ ही सुरुवात मुलाखतींमध्ये, कॉलेजच्या मंचावर, ऑफिसच्या पहिल्या मीटिंगमध्ये सर्रास ऐकू येते. ‘आय अ‍ॅम सुनील’ किंवा ‘माय नेम इज सुनील’ म्हणा. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ हेही नको, ‘प्लीज कॉन्टॅक्ट मी’. ‘सेल्फ’वाल्या रूपाला दोनच कामं आहेत. एक, कर्ता आणि कर्म एकच असणं: ‘शी कट हरसेल्फ’, म्हणजे तिचं बोट तिच्याच हातून कापलं. दोन, जोर देणं: ‘आय कुक्ड इट मायसेल्फ’. त्याला ‘बाय’ जोडला की “एकट्याने, कोणाच्या मदतीशिवाय” असा अर्थ येतो: ‘शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ’.

‘हू’ आणि ‘हूम’ आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं जायला हवं. “कोण” आणि “कोणी” ला ‘हू’, “कोणाला” ला ‘हूम’. फक्त पहिल्या टप्प्यातली गोष्ट विसरायची नाही. “कोणाला माहीत?” मध्ये ज्याला माहीत आहे तोच इंग्रजी कर्ता, म्हणून ‘हू नोज?’ बोलताना ‘हू डिड यू मीट?’ सगळे म्हणतात. पण ‘टु’, ‘फॉर’, ‘विथ’ लगेच आधी आले तर ‘हूम’ टाळता येत नाही. दाखल्यांवर छापलेलं ‘टु हूम इट मे कन्सर्न’ आठवा.

पाचवा टप्पा: मालकी

मराठीत “हे माझं पुस्तक” आणि “हे पुस्तक माझं” यांत “माझं” बदलत नाही. इंग्रजीत बदलतं. नाम पाठोपाठ असेल तर ‘माय बुक’, नसेल तर ‘द बुक इज माइन’. “माझा एक मित्र” चं ‘माय वन फ्रेंड’ करू नका, त्यातून मित्र एकच असल्यासारखं ऐकू येतं. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ म्हणा.

तिसरा प्रश्न, कोणाचं, हा इथे कामाला येतो. “हात धुतले”, “दात घासले”, “आईला विचारतो”, “चष्मा विसरलो” यांत मराठी मालक सांगत नाही. इंग्रजी सांगते: ‘आय वॉश्ड माय हँड्स’, ‘आय विल आस्क माय मदर’, ‘आय फरगॉट माय ग्लासेस’. शरीर, कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू आणि नातेवाईक यांच्याआधी मालकीचा शब्द जवळजवळ नेहमी लागतो.

उलट एका ठिकाणी मराठी जास्त नेमकी आहे. “सुरेशने महेशला आपली गाडी दिली” म्हणजे गाडी सुरेशची, यात शंका नाही. इंग्रजीत ‘सुरेश गेव्ह महेश हिज कार’ झालं की ती कुणाची हे अधांतरी राहतं. ‘सुरेश टोल्ड महेश दॅट ही हॅड बीन ट्रान्स्फर्ड’ मध्ये बदली नेमकी कोणाची झाली? घरात संदर्भाने कळेल, ऑफिसच्या कागदावर कळणार नाही. तिथे ‘हिज ओन कार’ लिहा, किंवा सर्वनाम सोडून सरळ नाव पुन्हा लिहा. नावाची पुनरुक्ती झाली तरी बिघडत नाही, गैरसमज झाला तर बिघडतं.

‘इट्स’चं स्पेलिंग भल्याभल्यांना चकवतं. अक्षरं तीच, फरक अपॉस्ट्रॉफीचा. वाक्यात ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ बसवून बघा. बसलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाही बसलं तर ती मालकी आहे, देऊ नका. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांनाही अपॉस्ट्रॉफी नसते. हे मालकीचं ‘इट्स’ तसं उशिरा आलं, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. 1611 च्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात वस्तूंनाही बहुतेक ‘हिज’च वापरलेलं आहे. ‘हूज’लाही हीच कसोटी: ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ बसत असेल तर अपॉस्ट्रॉफी, “कोणाचं” असेल तर शेवटी ‘एसई’ ही अक्षरं.

सहावा टप्पा: “जो” आला म्हणून “तो” आणू नका

“जो मुलगा काल आला होता, तो माझा भाऊ आहे.” जो-तो, जे-ते ही आपली जोडी. तिच्या सवयीने इंग्रजीत ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असं होतं. इंग्रजीत एकदा ‘हू’ आला की दुसऱ्या सर्वनामाला जागा नाही: ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर’. तसंच ‘द बुक दॅट आय बॉट इट’ मधला ‘इट’ जास्तीचा आहे. ‘दॅट’ने पुस्तकाची जागा घेतलेलीच आहे, म्हणून ‘द बुक दॅट आय बॉट’. दुसऱ्या टप्प्यात कर्म गाळू नका म्हटलं, ते इथे लागू होत नाही.

स्वल्पविरामाने अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे’ असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलं तर भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला पुण्याचा, असा अर्थ होतो. ‘हू’च्या आधी आणि ‘पुणे’नंतर स्वल्पविराम दिले तर भाऊ एकच, पुण्याची माहिती जाताजाता दिलेली.

सातवा टप्पा: लिहिलेलं तपासा

असे रजेचे मेल रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून जातात: ‘रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ प्रकाश फ्रॉम स्टोअर्स डिपार्टमेंट. माय फादर इज अ‍ॅडमिटेड इन हॉस्पिटल. दे आर हॅविंग हाय फीवर. ओन्ली मी अँड माय सिस्टर आर विथ देम. डॉक्टर टोल्ड टु टेक केअर फॉर वन वीक. आय हॅव टेकन मेडिकल सर्टिफिकेट अँड अटॅच्ड. प्लीज ग्रँट लीव्ह टु मायसेल्फ टिल फ्रायडे अँड इन्फॉर्म.’

एकेक वाक्य घेऊ. ‘मायसेल्फ’ने ओळख नको, ‘आय अ‍ॅम प्रकाश’. वडील एक, म्हणून ‘ही हॅज अ हाय फीवर’. बहिणीला काढलं तर ‘मी’ एकटा कर्ता म्हणून टिकत नाही, आणि वडिलांसाठी ‘देम’ही नको, म्हणून ‘ओन्ली माय सिस्टर अँड आय आर विथ हिम’. डॉक्टरांनी कोणाला सांगितलं? आम्हाला. काळजी कोणाची? त्यांची. म्हणून ‘द डॉक्टर हॅज टोल्ड अस टु टेक केअर ऑफ हिम फॉर अ वीक’. मराठीत ही दोन्ही उत्तरं न सांगता कळतात, म्हणूनच ती इंग्रजीत गळाली. जोडलं काय? सर्टिफिकेट. म्हणून ‘अँड अटॅच्ड इट’. रजा कोणाला द्यायची? ‘प्लीज ग्रँट मी लीव्ह टिल फ्रायडे’. आणि कळवायचं कोणाला? नुसतं ‘इन्फॉर्म’ अधुरं आहे, त्याच्याही पुढे ‘मी’ हवा. सहज इंग्रजीत ‘लेट मी नो’.

आता तुम्ही स्वतः पाठवलेला एखादा जुना मेल काढा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, त्याच्या डावीकडे कर्ता आणि गरज असेल तिथे उजवीकडे कर्म आहे का बघा. मग प्रत्येक ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ पासून मागे जाऊन तो शब्द नेमका कोणाबद्दल आहे, ते नाव पेन्सिलने वर लिहा. जिथे नाव लिहिताना तुमची पेन्सिल थांबेल, ते वाक्य नव्याने लिहायला घ्या.